यकृताचे नमुने तळघरात नेऊ नका : विश्वस्त मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सर्व विश्वस्त आणि मा. संचालक,
वडोदरा.

स.न.वि.वि.

यकृताची इजा आणि तिच्यामागून येणारा दाह यांवर काम करणाऱ्या आपल्याच विभागाबद्दल गेल्या पंधरवड्यात एक आदेश निघाला. नमुने उणे ८० अंशांवर ठेवणारे तीन फ्रीजर, द्रव नायट्रोजनच्या दोन टाक्या आणि सेंट्रिफ्यूजची (रक्त वेगाने फिरवून सीरम वेगळे करणाऱ्या यंत्राची) खोली दुसऱ्या मजल्यावरून तळघरात हलवायची. पाच वर्षांहून जुने नमुने टाकून द्यायचे. संध्याकाळी पाचनंतरची तंत्रज्ञाची पाळी बंद. रिकाम्या होणाऱ्या जागेत हेल्थ चेकअप पॅकेजचे काउंटर येणार आहे. आम्ही तीन टिपणे पाठवली. तिन्हींची पोच आली, उत्तर एकाचेही आले नाही. म्हणून आता उघड लिहितो आहोत. गुजराती प्रत वेगळी दिली आहे. मराठीत लिहिण्याचे कारण एवढेच की मंडळातल्या बहुतेकांच्या घरी मराठी बोलतात, आणि रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या ज्या कुटुंबांनी आम्हाला रक्त दिले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरीही.

आम्ही म्हणजे नमुना घेणारे, फिरवणारे, गोठवणारे आणि त्यावरून आकडे काढणारे. नमुना बिघडला की शोधनिबंधावर आमचे नाव राहते आणि आतला आकडा खोटा ठरतो. आमचा स्वार्थ काय, असे कुणी विचारलेच तर तो एवढा आहे.

फ्रीजरमध्ये काय आहे ते आधी सांगतो, कारण आदेशात त्याला ‘जुने साहित्य’ म्हटले आहे. पॅरासिटामॉलच्या गोळ्या एकदम घेतलेले रुग्ण, टीबीच्या औषधांनी कावीळ झालेले, काढे आणि चूर्णे घेऊन आलेले, पिवळ्या फॉस्फरसची उंदीर मारायची पेस्ट खाल्लेले, दारूमुळे यकृताला सूज आलेले. प्रत्येकाचे दाखल होतानाचे, मग २४, ४८ आणि ७२ तासांचे रक्त. काहींच्या यकृताचा सुईने काढलेला तुकडा.

हे तास का महत्त्वाचे? पॅरासिटामॉलचे उदाहरण घ्या. त्याचा थोडा भाग यकृतात सीवायपी-२ई१ या एन्झाइममुळे एका विषारी रेणूत बदलतो. नेहमीच्या डोसात पेशीतले ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला बांधून टाकते. डोस जास्त झाला की ग्लुटाथायोन संपते, तो रेणू पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला चिकटतो, आणि यकृताच्या प्रत्येक खंडिकेच्या मधल्या शिरेभोवतीच्या पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींतून एचएमजीबी-१ हे प्रथिन आणि मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बाहेर पडतो. यकृतातल्या पहारेकरी कुप्फर पेशी तो धोक्याचा इशारा समजतात आणि आधी न्यूट्रोफिल, मागून मोनोसाइट या पांढऱ्या पेशी बोलावतात. त्याच मोनोसाइट पुढे रूप पालटून मेलेल्या पेशी उचलतात आणि नव्या वाढीला जागा करून देतात. म्हणजे दाह दाबायचा की त्याला काम करू द्यायचे, याचे उत्तर पहिल्या दिवशी एक असते आणि तिसऱ्या दिवशी दुसरे असू शकते. हे कळायला एकाच माणसाच्या चारही वेळच्या नळ्या लागतात. त्यातली एक गेली तर ती परत घेता येत नाही. तो तास गेलेला असतो, आणि कधी कधी तो माणूसही.

तळघराचा मुद्दा पहिला, कारण पावसाळा तोंडावर आला आहे.

३१ जुलै २०१९ ला वडोदऱ्यात चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ अखेरीस विश्वामित्री धोक्याच्या पातळीच्या बरीच वर गेली, सखल भागांतले तळमजले बुडाले, मगरी वस्तीत आल्या. वडोदऱ्याच्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. आपल्या तळघराच्या पूर्वेकडच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ जमिनीपासून चार फुटांवर आहे. वरून रंग दिला आहे, पण भिंतीने ओल धरली की ती पुन्हा उमटते. उभ्या फ्रीजरचे दोन्ही कॉम्प्रेसर तळाशी असतात. चार फूट राहोत, एक फूट पाणी पुरे. दाराशी दीड फुटाचा उंबरठा बांधणार असे ऐकतो. पण तळघरात पाणी दारातूनच शिरते असे नाही. ते गटाराच्या पाइपातून उलटे चढते आणि केबलच्या नाळीतून झिरपते, आणि अशा वेळी उंबरठ्याने ते आतच अडून राहते.

पूर आला नाही असे धरू. तरी उष्णता आहे. फ्रीजर उष्णता संपवत नाही. आतली उष्णता आणि स्वतः खाल्लेली वीज, दोन्ही खोलीत फेकतो. आपला एकेक फ्रीजर दिवसाला साधारण २० युनिट घेतो. तीन मिळून ६०, म्हणजे बंद खोलीत अडीच हजार वॉटचा हीटर अहोरात्र चालू ठेवल्यासारखे. नुसती तेवढी उष्णता बाहेर काढायला पाऊण टन एसी लागतो, तोही न थांबता. तळघरात आज एक एक्झॉस्ट पंखा आहे. या फ्रीजरमध्ये पहिला कॉम्प्रेसर दुसऱ्याला थंड करतो आणि दुसरा पेटीला. खोली ३०-३२ अंशांच्या वर गेली की पहिला विश्रांतीच घेत नाही, आणि तो दमला की दुसऱ्याला उणे ८० गाठता येत नाही. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना हे किती दिवस चालेल, याचा अंदाज मंडळाने एखाद्या एसी मेकॅनिकला विचारला तरी कळेल. संशोधकाची गरज नाही.

तिसरी गोष्ट वायूची, आणि इथे प्रश्न नमुन्यांचा नाही, माणसांचा आहे. एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. थंड असल्यामुळे तो खाली बसतो. दुसऱ्या मजल्यावर खिडक्या उघडल्या की निघून जातो. तळघराला त्याहून खालची जागा नाही. ठरवलेली खोली २० बाय १५ फूट, उंची ९. म्हणजे साधारण ७६ घनमीटर हवा. पन्नास लिटरची एक टाकी कलंडली किंवा तिचे निर्वात आवरण गेले, तर ३५ घनमीटर नायट्रोजन तिथे उतरेल आणि ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १३ च्या आसपास येईल. १९.५ च्या खालीच तो अपुरा मानतात. श्वास कोंडल्याची जाणीव आपल्याला कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. इथे तो साठत नाही, त्यामुळे माणूस घाबरत नाही, सरळ खाली पडतो. त्याला उचलायला जो वाकतो तोही पडतो. ऑक्सिजन मोजणारे यंत्र आणि जमिनीलगत हवा ओढणारा पंखा नसलेल्या तळघरात टाकी ठेवायचा आदेश आम्ही पाळणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

हलवताना थोडे वितळले तर काय बिघडते, असे बैठकीत विचारले गेले. बिघाड दिसत नाही, हेच बिघडते. यकृताच्या पेशी फुटल्या की एसजीपीटी आणि एसजीओटी ही एन्झाइमे रक्तात येतात, त्यांवरून इजा मोजतात. एसजीपीटीची क्रियाशीलता उणे २० ला आठवड्यांत उतरत जाते. वितळून पुन्हा गोठवले की आणखी उतरते. एसजीओटी त्या मानाने तग धरते. म्हणजे वितळलेल्या नमुन्यात यकृताची इजा खऱ्यापेक्षा कमी दिसते आणि दोन्हींचे गुणोत्तर दारूच्या रुग्णासारखे होऊ लागते. नळी पूर्वीसारखीच पिवळी, लेबल पूर्वीसारखेच, यंत्र आकडा देते. यकृताच्या तुकड्याचे तर विचारूच नका. यकृतात आरएनए तोडणारी एन्झाइमे भरपूर असतात. सुईने काढलेला बारीक तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये क्षणात गोठवला म्हणून ती थांबलेली असतात. काही मिनिटे वितळला की आरएनएचा दर्जा दहापैकी आठवरून तीनवर आलेला सापडतो. तो पुन्हा गोठवून परत आठ होत नाही.

जनरेटरचे थोडक्यात. आपोआप चालू होणाऱ्या लाइनवर ऑपरेशन थिएटर आणि आयसीयू आहेत, ते योग्यच. पण त्याच लाइनवर प्रशासकीय मजल्याचे एसी आहेत आणि फ्रीजर नाहीत.

आता नळ्यांचे. ही तक्रार आदेशात नाही, खरेदी समितीच्या कारभारातली आहे. पण हिचे नुकसान फ्रीजरपर्यंत थांबत नाही, वॉर्डातल्या रुग्णापर्यंत जाते. या वर्षी सर्वांत कमी दराच्या निविदेतून आलेल्या व्हॅक्यूमच्या नळ्यांत पुरेसा व्हॅक्यूम नाही. पिवळ्या टोपणाची नळी अर्धीच भरते. रात्री घाईत असलेला माणूस मग काय करतो? जांभळ्या टोपणाच्या नळीतले थोडे रक्त त्यात ओततो. रक्तच तर आहे! पण जांभळ्या नळीत रक्त गोठू न देणारे, पोटॅशियमयुक्त ईडीटीए असते. ते कॅल्शियम, झिंक आणि मॅग्नेशियम पकडून ठेवते. पित्तमार्गात अडथळा आला की वाढणाऱ्या अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमचे काम झिंक-मॅग्नेशियमवर चालते, त्यामुळे त्याचा आकडा कोसळतो.

हिशेब करून पाहा. रुग्णाची एसजीपीटी ४००, वरची मर्यादा ४०, म्हणजे १० पट. अल्कलाइन फॉस्फटेज ४८०, मर्यादा १२०, म्हणजे ४ पट. दहाला चाराने भागले की अडीच. दोन ते पाच म्हणजे मिश्र इजा. पित्तमार्गाकडेही पाहायला हवे. ईडीटीए मिसळल्यामुळे ४८० चे १२० झाले, तर दहा भागिले एक, बरोबर दहा. पाचच्या वर म्हणजे निव्वळ पेशींची इजा. एका ओतण्याने निदानाची दिशाच फिरली. पुढे औषधाचा दोष किती हे ठरवायच्या रूकॅम या गुणपद्धतीत कोणता तक्ता वापरायचा, हेही याच भागाकारावर ठरते. ओळखायची खूण एकच : पोटॅशियम अचाट जास्त आणि कॅल्शियम अचाट कमी, आणि रुग्ण मात्र शांत बसून चहा पितो आहे. अशा नळ्या आम्हाला सापडल्या आहेत. ज्या सापडल्या नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न खरेदी समितीने स्वतःला विचारावा. हिरव्या टोपणाच्या हेपॅरिन नळ्या ‘त्याच कामाच्या’ म्हणून पाठवल्या, तेही असेच. हेपॅरिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढून तपासणारी चाचणी, अडवते.

रात्रपाळी. विष घेतलेला माणूस दहा ते पाचच्या वेळेत येत नाही. पॅरासिटामॉलच्या विषावरचा उतारा असलेल्या एन-ॲसिटिलसिस्टीनची सलाइन तासाभरात किलोमागे १५० मिलिग्रॅम, पुढच्या चार तासांत ५० आणि नंतरच्या सोळा तासांत १०० अशी, एकूण २१ तास चालते. आम्हाला हवा असलेला पहिला नमुना ती सुरू होण्याच्या आधीचा असतो. मात्र नमुन्यासाठी सलाइन एक मिनिटही थांबवायची नाही, हा आमचा पहिला नियम आहे. म्हणून माणूस तिथे हजर लागतो. रक्त अर्धा तास गोठू द्यायचे, दहा मिनिटे फिरवायचे, सीरम अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या नळ्यांत वाटून लगेच उणे ८० ला. हेच रक्त सकाळपर्यंत टेबलावर राहिले तर तांबड्या पेशी फुटून एसजीओटी चढते, आणि पांढऱ्या पेशी नळीतच दाहाची प्रथिने सोडत राहतात. मग आपण दाह मोजतो तो रुग्णाचा नसतो, नळीचा असतो.

प्राणीघरातही हेच आहे. उंदरांना रात्रभर उपाशी ठेवून सकाळी पॅरासिटामॉल देतात, कारण उपासाने ग्लुटाथायोन उतरते आणि इजा सगळ्यांत सारखी होते. किलोमागे ३०० मिलिग्रॅम म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला साडेसात मिलिग्रॅम. कोमट सलाइनमध्ये मिलिलिटरला १५ मिलिग्रॅम विरघळवून अर्धा मिलिलिटर. विरघळत नाही म्हणून डीएमएसओ हे द्रावक घातले तर ते सीवायपी-२ई१ लाच अडवते, उंदीर वाचतो, आणि आपल्याला वाटते औषध लागू पडले. रात्रपाळी गेल्यावर दाणे पाचला काढावे लागतील, इंजेक्शन अकराला. बारा-चौदा तासांचा उपास अठरावर जाईल. जुन्या गटांशी तुलना तिथेच संपली. शिवाय उपासाचे तास प्राणी नैतिकता समितीने मंजूर केलेले आहेत. ते कर्मचारी विभागाच्या परिपत्रकाने बदलत नाहीत.

आणि टाकून द्यायचे नमुने. मोजदाद करणाऱ्याने एकाच रुग्णाच्या सीरम, प्लाझ्मा आणि संपूर्ण रक्ताच्या नळ्यांना ‘दुबार’ असा शेरा मारला आहे. त्या दुबार नाहीत. दारूबंदी असलेल्या गुजरातमध्ये किती पेशंट डॉक्टरला दारूबद्दल खरे सांगतात, हे वेगळे लिहायला नको. गेल्या दोन-चार आठवड्यांतले पिणे दाखवणारा फॉस्फाटिडिलइथेनॉल हा पदार्थ तांबड्या पेशींच्या आवरणात असतो. तो सीरममध्ये मिळत नाही. त्यासाठी संपूर्ण रक्त लागते, आणि ते उणे ८० ला. ती नळी फेकली की औषधाचा दोष आणि दारूचा दोष वेगळा करायचा आमच्याकडचा एकमेव पुरावा गेला.

पाच वर्षांची रेघ मारली तर सर्वांत आधी जातील ते कोविडकाळातले नमुने. त्या दिवसांत घरोघरी काढे चालू होते. गुळवेल घेतल्यानंतर झालेल्या यकृतदाहाची प्रकरणे २०२१ मध्ये मुंबईतून प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती ओळखण्यात चूक झाली असेल, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असेल. हा वाद भाषणांनी मिटत नाही. रुग्णाचे सीरम, त्याचा डीएनए आणि त्याने खाल्लेल्या चुर्णाची पुडी, तिन्ही एकत्र असतील तरच मिटतो. आमच्या तिसऱ्या फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात तशा पुड्या आहेत, रुग्णाच्या क्रमांकासह. यादीत त्यांची नोंद ‘खाद्यपदार्थ, काढून टाकावे’ अशी झाली आहे.

शेजारच्या पंचमहालात आणि राजस्थानच्या बांसवाड्यात १९७४ मध्ये काविळीची साथ आली. शंभराहून अधिक माणसे गेली. विषाणूची साथ असेल असे कुणालाही वाटले असते. त्या घरांतला मका तपासला तेव्हा त्यात बुरशीचे अफ्लाटॉक्सिन निघाले. खाल्लेले धान्य हाताशी होते म्हणून कारण कळले.

याखेरीज परवानगीचा प्रश्न आहेच. रुग्णांनी संमतीपत्रावर सही केली ती संशोधनासाठी, जागा रिकामी करण्यासाठी नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुन्यांच्या साठवणीवर स्वतंत्र प्रकरण आहे. अशा निर्णयात नैतिकता समितीला वगळता येत नाही. आपल्या समितीपुढे हा विषय आलेलाच नाही.

आम्ही मागतो ते असे. फ्रीजर आणि टाक्या दुसऱ्या मजल्यावरच राहाव्यात. भरलेल्या फ्रीजरचे वजन जमिनीला झेपते का ही शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला घ्यावा, आम्ही तो मानू. नमुने नष्ट करण्याला आजच स्थगिती द्यावी आणि विषय नैतिकता समितीपुढे ठेवावा. तिन्ही फ्रीजर आपोआप चालू होणाऱ्या जनरेटर लाइनवर घ्यावेत, प्रत्येकात स्वतंत्र तापमान नोंदणी आणि फोनवर इशारा देणारी यंत्रणा बसवावी, आणि एक फ्रीजर कायम रिकामा पण चालू ठेवावा. दाराबाहेरचा आकडा आतल्या हवेचा असतो, नमुन्याचा नसतो, हे लक्षात घ्यावे. नळ्यांच्या खरेदीत दराआधी चाचणी व्हावी : शंभर नळ्या पाण्याने भरून पाहा, किती पूर्ण भरतात ते मोजा. एका दुपारचे काम आहे. रात्रीसाठी एक तंत्रज्ञ. एक, दोन नव्हेत.

चेकअप काउंटरला आमचा विरोध नाही. तळमजल्यावर जुन्या रेकॉर्डची खोली रिकामी आहे, ज्येष्ठ नागरिकांना जिनाही चढावा लागणार नाही.

तरीही हलवायचेच ठरले, तर निदान असे हलवा. नव्या जागी एक रिकामा फ्रीजर आधी चोवीस तास उणे ८० वर चालवून त्याचा आलेख पाहा. एका वेळी एकच रॅक काढा, थर्माकोलच्या पेटीत खाली-वर-बाजूंनी कोरडा बर्फ. झाकण चिकटपट्टीने हवाबंद करू नका, पेटी फुटेल. दार मिनिटाभरापेक्षा जास्त उघडे नको. फ्रीजर उभाच न्या. आडवा झाला तर चोवीस तास उभा ठेवल्याशिवाय चालू करू नका, कॉम्प्रेसरचे तेल खाली उतरायला तेवढा वेळ लागतो. आणि कोरडा बर्फ किंवा नायट्रोजनची टाकी लिफ्टमध्ये असेल तेव्हा आत माणूस नको. एकाने वरून बटण दाबावे, दुसऱ्याने खाली उभे राहावे, आणि मधल्या मजल्यावर कुणी चढू नये म्हणून तिथेही एक जण.

उत्तर लेखी आणि १५ जूनच्या आत मिळावे. तोवर फ्रीजरच्या किल्ल्या नेहमीप्रमाणे नोंदवहीत सही करून मिळतील, नमुने नष्ट करण्यासाठी मात्र मिळणार नाहीत.

आपले,
यकृत संशोधन विभागातील तंत्रज्ञ, संशोधक आणि प्राणीघरातील कर्मचारी
वडोदरा